दादाने स्वच्छ केलेला बगळा

आमच्या दादाला चित्र काढता येत नाही. मी बहीण म्हणून त्याची टर उडवते आहे असं समजू नका. तो स्वतःच प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत हे सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. त्याचा धंदा टी-शर्ट छापून देण्याचा. लोक येतात, छातीवर अमुक हवं, पाठीवर तमुक हवं म्हणतात, आणि जाता जाता सांगतात, ‘बाकी तुम्हीच काहीतरी छान टाका.’ ते ‘काहीतरी छान’ कुठून आणायचं, यात दादाचं निम्मं आयुष्य गेलं.

यात गंमत अशी की आमचे वडील शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा ब्रश धरला आहे. अप्पांकडून दादाने नाक घेतलं, चालणं घेतलं, हट्ट तर काठोकाठ घेतला. हात तेवढा राहून गेला. लहानपणी त्याने एकदा झोपलेलं मांजर काढून अप्पांना दाखवलं होतं. अप्पांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि अगदी मायेने विचारलं, “ही पिशवी का रे?” दादा त्यानंतर घरात कधी चित्र काढायला बसला नाही.

पुढे अप्पा त्याच्याच वर्गाला शिकवायला आले. मुलाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी दादाचा पेपर दुसऱ्या शिक्षकांकडे तपासायला पाठवला. त्या भल्या माणसाने अप्पांकडे बघून दादाला कसाबसा पास केला. अप्पा घरी येऊन आईपाशी चिडचिड करत होते, की पास करण्यासारखं त्यात होतं तरी काय. दादा दाराआड उभा होता. हे मला माहीत आहे, कारण त्याच्या मागे मीही उभी होते. आमच्या घरात दाराआड कोणी ना कोणी असायचंच.

तर असा हा दादा मोठा झाला, बऱ्याच नोकऱ्या करून कंटाळला आणि शेवटी घराच्या खालच्या लांबट खोलीत त्याने छपाई सुरू केली. ते काम मात्र त्याचा हात बघून देवाने तयार केलं असावं. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते. चित्राच्या जागी जाळी उघडी, बाकी सगळीकडे लेप लावून बंद. चौकट शर्टावर टेकवायची, शाई ओतायची आणि रबराची पट्टी एका दमात खाली ओढायची. दाब कमी पडला तर चित्र फिकं, जास्त झाला तर शाई फुटते. दादाच्या शर्टावर शाई कधी फुटली नाही. त्या खोलीत गेलं की शाईचा वास नाकात बसायचा, दोरीवर शर्ट वाळत असायचे आणि दादा कोपरापर्यंत निळा नाहीतर लाल होऊन शांतपणे पट्टी ओढत असायचा. तिथे तो मला नेहमी सुखी दिसला.

अडचण चित्राची. सुरुवातीला तो इंटरनेटवरून फुकटची चित्रं घ्यायचा. पण दादा सरळ माणूस. चित्राखाली बारीक अक्षरात ‘फक्त घरगुती वापरासाठी, विक्रीच्या मालावर छापू नये’ असं असायचं, ते तो चष्मा लावून वाचायचा आणि चित्र सोडून द्यायचा. वहिनी म्हणायची, जगात हे वाचणारा माणूस एकच आणि तो माझ्याच नशिबी आला. मग जी विक्रीच्या मालावर छापता येतात अशा तयार चित्रांचे गठ्ठे तो विकत घेऊ लागला. स्वस्त पडायचे, पण उघडून बघावं तर अर्ध्याहून जास्त फुगे, केक आणि डोळा मारणारी मांजरं. त्यातल्या त्यात एक गरुड बरा निघाला. तो त्याने एका फुटबॉल संघाला दिला, आणि काही दिवसांनी सामन्यात समोरचा संघही तोच गरुड घालून मैदानात उतरला. तो गठ्ठा दुसऱ्या गावच्या छपाईवाल्यानेही घेतला होता. दादा त्या दिवशी सामना अर्धा सोडून घरी आला.

चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीला विचारून झालं. पोरगी गुणी होती आणि मेहनतीचे रास्त पैसे मागत होती. पण दहा-बारा शर्टांच्या कामात ते बसत नव्हतं. तिचं चुकत नव्हतं, दादाचंही नाही. मग त्याला कोणीतरी सांगितलं की फार जुन्या पुस्तकांतल्या चित्रांवर आता कोणाचा हक्क नसतो, ती खुशाल छापावीत. दादा वाचनालयात जाऊन बसू लागला. तिथे त्याला झाडपाल्याची एक जाडजूड पोथी सापडली, पानं, फुलं, मुळं, सगळं रेघ न् रेघ काढलेलं. रोपवाटिकेवाल्यांना ते शर्ट फार आवडले. दादाचा उत्साह एवढा वाढला की पुढे येईल त्याला तो मुळं दाखवू लागला. व्यायामशाळेच्या मालकाला त्याने ‘ताकद मुळातूनच येते’ असं पटवायचा प्रयत्न केला. मालक ऐकून घेऊन दुसरीकडे गेला.

आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा त्याच खोलीच्या बरोबर वर, खिडकीशी खुर्ची टाकून, निवृत्त चित्रकला शिक्षक वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. आई तोवर गेली होती. मधे पडून दोघांना बोलतं करणारं कोणी उरलं नव्हतं. वहिनीने एकदा सरळ विषय काढला, की अप्पांनाच का विचारत नाही. दादा भांडी लावता लावता म्हणाला, “त्यांना मी नापास व्हायला हवा होतो.” मी अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, त्याला माझी जुनी पद्धत कशाला हवी, हवी असती तर आला असता. दोघांमध्ये फक्त एक जिना होता. मला कधीकधी वाटायचं, दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

शेवटी बगळ्याने ते केलं. गावाबाहेरच्या तळ्यावर सकाळी पोहायला जाणाऱ्या बायकांचा एक गट होता, बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. त्यांना सगळ्यांसाठी सारखे शर्ट हवे होते. त्यांच्या म्होरक्या एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही पोहतो तिथे काठावर एक बगळा रोज उभा असतो, तो पाहिजे. दादाने गठ्ठ्यांतले सगळे बगळे काढून दाखवले. नर्सबाई एकेक बाजूला सारत गेल्या. हा आमचा नाही. हा तर करकोचा आहे. ह्याला काय झालंय, हा आजारी दिसतो. आमचा मान आत ओढून, एक खांदा वर करून उभा राहतो, आम्ही पाण्यात उतरलो की नाराज होतो, तसा हवा. त्यांनी फोनमधला एक अंधूक फोटो दिला आणि आठवड्याची मुदत देऊन त्या गेल्या.

त्या दिवशी मी जेवायला तिथेच होते. दादाने तो फोटो छापून आणला होता. तो त्याने अप्पांच्या ताटाशेजारी ठेवला आणि वहिनीकडे बघत म्हणाला, “कोणाला हा काढता आला असता तर काम झालं असतं.” एवढंच. त्याच्या हिशेबी ही विनवणी होती. अप्पांनी फोटो उचलला, उलटा केला, परत सुलटा केला आणि भाजी वाढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा घडीचं स्टूल घेऊन तळ्यावर गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. वहिनीने मला फोन केला, तशी मी मागून बघायला गेले. अप्पा काठावर बसले होते, मांडीवर फळी, ओठांत दुसरी पेन्सिल. निवृत्त झाल्यापासून त्यांनी एक रेघ ओढली नव्हती. पाण्यात बायका एकमेकींना हाका मारत होत्या आणि बगळा खरोखरच नाराज दिसत होता. अप्पा मला म्हणाले, “बोलू नकोस, तो मान हलवेल.” शाळेत ते आम्हाला अशाच आवाजात दटावायचे. मी मागे बसून राहिले. त्यांचे कान लाल झाले होते, आणि मला त्यांचा चेहरा न बघताही कळत होतं की ते खूश आहेत.

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी अप्पा स्वतः जिना उतरून खालच्या खोलीत आले. धंदा सुरू झाल्यापासून ते तिथे कधी आले नव्हते. कागद दोन पुठ्ठ्यांच्या मधे धरला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांना बरंवाईट म्हणणाऱ्या त्या माणसाने दादाला विचारलं, “बघ बरं, जमलंय का?”

मी ते चित्र पाहिलं आहे म्हणून सांगते. नुसत्या पेन्सिलीचं काम. बगळ्याच्या पाठीवर करड्या रंगाच्या इतक्या छटा होत्या की पिसं मोजता यावीत. पाणी तर काढलंच नव्हतं म्हणा, पायांपाशी पेन्सिलीची आडवी बाजू हलकेच दोनदा फिरवली होती आणि बाकी कागद कोरा, तरी ते पाणी होतं, आणि सकाळचं होतं. दादा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “जमलंय की.” आमच्या घरात याहून मोठं कौतुक कोणी कोणाचं केलेलं मला आठवत नाही. अप्पा जिना चढताना शीळ घालत होते.

आता जे झालं ते दादाने वाईट मनाने केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. जाळीला दोनच गोष्टी कळतात, उघडं आणि बंद. शाई जाते किंवा जात नाही. थोडीशी जाणं, फिकट जाणं हा प्रकार तिथे नाही. निदान दादाला तोवर तेवढंच माहीत होतं. त्याने चित्र जाळीवर उतरवणाऱ्या यंत्रावर ठेवून बघितलं. पेन्सिल इतकी हलकी की निम्मा बगळा उमटलाच नाही, आणि गडद करावं तर सगळा मिळून एक काळा डाग. मुदत तोंडावर आली होती. पारदर्शक कागद ठेवून गिरवून पाहिलं, तो सरकत होता, रेघ चुकत होती. आणि दादाला अप्पांची एकही रेघ चुकवायची नव्हती. म्हणून त्याने मूळ कागदच घेतला. आधी खोडरबराने सगळ्या छटा हलक्या हाताने पुसून काढल्या, मग उरलेल्या बाह्यरेषेवरून काळ्या शाईचं जाड पेन फिरवलं. दुपारभर तो श्वास रोखून ते करत होता. पिसांच्या जागी त्याने नेटक्या तीन रेघा दिल्या. पाणी पुसलं गेलं, ते तसंही यंत्राला दिसत नव्हतं.

काम झाल्यावर तो कागद घेऊन धावत वर गेला. लपवायचं काही आहे हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. उलट आयुष्यात पहिल्यांदा अप्पांच्या चित्रावर त्याचा हात फिरला होता आणि कुठे थरथरला नव्हता. ते त्याला दाखवायचं होतं. अप्पांनी कागद हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, “स्वच्छ केलंस.” आणि कागद परत दिला.

दादाने मला फोन करून हे सांगितलं. आवाजात आनंद मावत नव्हता. अप्पा म्हणाले, स्वच्छ केलंस. मी विचारलं, तू मूळ कागदावर पेन चालवलंस? तो म्हणाला, हो, नाहीतर रेघ हलली असती. मी तिथल्या तिथे त्याला झापलं. अप्पांच्या वर्गात मी बसले आहे. मुलाचं चित्र कितीही बिघडलेलं असो, अप्पा त्याच्या कागदाला हात लावत नसत. खिशातून कागदाचा तुकडा काढायचे, त्यावर दुरुस्ती काढून दाखवायचे आणि तो तुकडा शेजारी ठेवायचे. मुख्याध्यापकांनी एकदा कोणाच्या तरी चित्रातली झोपडी परस्पर सुधारली, तर अप्पा महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. दादाला मी याची आठवण करून दिली. तो म्हणाला, तू उगाच काहीतरी काढतेस, त्यांना आवडलं, ते स्वतः म्हणाले.

शर्ट छान झाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. नर्सबाईंनी तिथेच अंगात चढवून पाहिला. बगळा ओळखू येत होता, खांदा वर होता. रस्त्यात तो शर्ट दिसला की दादा मला कोपराने ढोसायचा. नंतर दुसऱ्या गटांची कामं आली. दादा मोठ्या उमेदीने वर जायचा, अप्पा, एक घोडा काढाल का, अप्पा, एक जुनी सायकल आहे. आता त्याला विचारायचा संकोच राहिला नव्हता. अप्पा म्हणायचे, डोळे दुखतात. म्हणायचे, बघू. एकदा म्हणाले, तुझ्या त्या गठ्ठ्यांत असेल की घोडा. पुढे एक दिवस त्यांनी पेन्सिलींचा डबा शेजारच्या मुलीला देऊन टाकला. दादाने वयाचा दोष मानला आणि परत चित्रं शोधायला लागला.

वर्षं गेली. मधल्या काळात संगणकाला सांगितलं की तोच चित्र काढून देतो अशी सोय आली, तेव्हा दादाचा जीव भांड्यात पडला. मग त्याने धावणाऱ्यांच्या क्लबाला एक धावणारी बाई छापून दिली आणि शर्ट वाटून झाल्यावर कोणीतरी विचारलं, हिला उजव्या बाजूला दोन हात का आहेत. आम्ही पोट धरून हसलो. अप्पाही हसले. तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले होते. कप धरला की बशीवर खडखड वाजायचा, म्हणून वहिनी अर्धाच चहा ओतायची.

गेल्या वर्षी दादा छपाईच्या यंत्रांच्या प्रदर्शनाला गेला. तिथे एका गाळ्यावर टी-शर्ट टांगला होता, त्यावर म्हाताऱ्या बाईचा चेहरा, सगळा पेन्सिलीने काढलेला, सुरकुत्यांसकट, गालावरच्या सावलीसकट. दादाने जवळ जाऊन बोटाने चाचपला. शाई एकच होती, काळी. गाळ्यावरच्या मुलीला त्याने विचारलं, हे कसं केलं. तिला दिवसभर तेच सांगायचं होतं, तिने एका सुरात सांगून टाकलं. संगणक चित्राचे बारीक ठिपके करतो. गडद तिथे मोठे, फिकट तिथे लहान. जाळी थोडी बारीक विणीची घ्यायची. ठिपक्याला उघडं आणि बंद एवढंच लागतं, छटा आपल्या डोळ्याला दिसते. दादाने विचारलं, ही पद्धत नवी आहे का. ती म्हणाली, फार जुनी आहे. मूळ चित्राला काय करावं लागतं, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली, काही नाही, उलट त्याला हातच लावायचा नाही.

तिथून तो घरी न जाता आधी माझ्याकडे आला. पाणी प्यायला आणि मग सगळं सांगितलं. त्याचा चेहरा बघून मला त्याला काही लागट बोलवेना, आणि मी अशा वेळी सहसा सोडत नाही. म्हणाला, तू चल माझ्याबरोबर. पन्नाशी उलटलेला माणूस बापासमोर जायला बहिणीला सोबत मागत होता. मी गेले.

अप्पा पलंगावर पांघरूण घेऊन बसले होते. दादा खाली जमिनीवरच बसला. म्हणाला, “अप्पा, तो बगळा मी खराब केला. मला तेव्हा कळलं नाही.”

अप्पांना क्षणभर कुठला बगळा ते लक्षात येईना. मग आलं. ते म्हणाले, “खराब कुठे? मीच तसा काढला होता. मला वाटलं, फार पुसट झालाय, म्हणून तुला दुरुस्त करावा लागला. म्हटलं, आता आपला हात गेला. उगाच तुझ्या धंद्यात लुडबुड नको.”

मी इतकी वर्षं समजत होते की ते रागावले आहेत. राग असता तर परवडला असता. त्यांनी त्या काळ्या रेघा शेरा म्हणून वाचल्या होत्या, आणि तो शेरा मुकाट मानला होता. मग मीच ठिपक्यांचं सांगितलं, मला समजलं होतं तसं. अप्पा मान पुढे करून ऐकत होते. मधेच त्यांनी मला थांबवलं आणि दादाला विचारलं, “म्हणजे फिकट छटाही येते?”

“येते.”

“पाण्याची पण?”

“पाण्याची पण येते, अप्पा.”

अप्पा गाडी चुकल्याचं सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, “हे तेव्हा माहीत असतं, तर तुला आणखी पुष्कळ काढून दिली असती रे.” आणि त्यांनी दोन्ही हात पांघरुणात घेतले.